पाच शेर मीठ

माझा मुलगा चार दिवस जगला, आणि त्या चार दिवसांत मी त्याला एकदाही उचललं नाही. रीतच तशी होती. बाळंतिणीच्या खोलीत बापाने शिरायचं नाही, दहा दिवस विटाळ. दारातून नुसता डोकावलो तरी माझी आई, सोजरबाई, हातातलं काम टाकून ओरडायची, "मोठा बाप लागून गेला! बाराव्या दिवशी घेजो ना मांडीवर. पळून चाल्लं का ते?" मी हसून मागे फिरायचो. लग्नाला सात वर्षं झाली होती, लोकांनी विचारणंही सोडून दिलं होतं. सात वर्षं थांबलो, आता बारा दिवसांनी काय होतं, असं मला वाटे.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने दूध ओढणं सोडलं. सुईण आली, तिने पोट चोळलं, बेंबीला हिंग लावला, मग हात मागे घेतला. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. आईने त्याला माझ्याच जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं, बाहेर आणलं आणि माझ्या हातांवर ठेवलं. मी त्याला पहिल्यांदा घेतलं ते असं.

हे सांगायला लागलो की ऐकणारे माझ्या तोंडाकडे बघतात, की आता पंडितचा आवाज कापेल. इथे नाही कापत. तेव्हाही कापला नव्हता. खूप वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटेनासा होतो, टोचलं तरी कळत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. तुला कसं वाटतंय, असं कुणी विचारलंही नाही. विचारणाऱ्या बायका सगळ्या मनकर्णाकडे, माझ्या बायकोकडे गेल्या, आणि ते बरोबरच होतं. माझ्या हातात फावडं दिलं.

साल छप्पन, महिना आषाढ. तान्ह्या पोराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि मातीत मीठ टाकतात. आईने पिशवीत पाच शेर खडे मीठ भरून दिलं. आमच्या लोधीपुऱ्यातली अशी सगळी पोरं तापीच्या काठी, घाटाच्या खालच्या अंगाला, एका जुन्या चिंचेखाली आहेत. पुरायला बायका येत नाहीत. बाप जातो, सोबत दोन-तीन भाऊबंद. भाऊबंदांना मी दारातूनच परत लावलं. एवढ्याशा ओझ्याला चौघं कशाला, असं काहीतरी वाकडं बोललो. माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट, त्यामुळे कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

तापी चढली होती. चिंचेच्या बुंध्याला गढूळ पाणी लागलं होतं, आणि जेवढा तुकडा कोरडा होता तिथे दोन कुत्री उकरत होती. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि वळलो. ठरवून वळलो असं म्हणता येणार नाही. पाय मळ्याच्या वाटेला लागले, रोज लागत होते म्हणून.

आमचा मळा तिथून अर्ध्या कोसावर, उंचावर. केळीचे खड्डे खणून तयार होते, दोरी धरून, पाच-पाच फुटांवर, रांगेने. दुसऱ्या दिवशी त्यांत कंद पडायचे होते. विहिरीपासून तिसरी रांग, सातवा खड्डा. तो मी कमरेइतका खोल केला. मग फडकं सोडून त्याला पाहिलं. चार दिवसांत पाहायचं राहिलं ते सगळं तेवढ्यात पाहून घेतलं. डावा कान वरून दुमडलेला होता. माझाही डावा कान तसाच आहे. माझी बंडी काढून खाली अंथरली. डोकं विहिरीकडे केलं, कारण ती बाजू चढाची, पाणी तिथे थांबत नाही. थोडी माती, मग मीठ, मग राहिलेली माती. जमीन सपाट केली आणि उघड्या अंगाने घरी आलो. आईला वाटलं, बंडी नदीत सोडली. "बरं केलं," म्हणाली.

अंघोळ केली आणि सुतक संपलं. दात न आलेल्या पोराचं सुतक आमच्यात अंघोळीपुरतंच. दहावा नाही, तेरावा नाही, केस काढणं नाही. घरातलं मोठं माणूस गेलं की लोक तेरा दिवस तुमचा हात धरून तुम्हाला बसवतात, उठवतात, घास भरवतात. नको म्हटलं तरी सोडत नाहीत. तेव्हा त्या लोकांचा मला राग यायचा. आईने माझ्यापुढे भाकरी ठेवली आणि म्हणाली, "उद्या कंद लावून टाक बापा. सुकून जातीन."

संध्याकाळी मनकर्णाने आतून हाक मारली. मी उंबऱ्याबाहेर उभा, ती आत खाटेवर, आणि मध्ये आई.

"कुठी ठेवलं त्याले?" तिने विचारलं.

"तापीवर. चिंचेखाली."

तोंडातून निघून गेलं. खरं बोललो असतो तर आईने त्याच पावली माणसं धाडून त्याला उकरून काढायला लावलं असतं. ज्या जमिनीतली केळी बाजारात जातात, ज्या केळीचे खांब पूजेला लागतात, तिथे मढं? तिच्या जागी तिचं खरंच होतं. पण मी त्याला एकदा खाली ठेवून आलो होतो. तो पुन्हा वर आलेला पाहायची माझ्यात ताकद नव्हती. म्हणून खोटं बोललो आणि मनाची समजूत घातली, की आई नसताना मनकर्णाला खरं सांगू. उद्या सांगू, परवा सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी लागण सुरू झाली. उखर्डू आमचा सालदार, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे. तो कंदांची टोपली घेऊन तिसऱ्या रांगेत आला आणि थबकला.

"पंडितभाऊ, हा खड्डा बुजला दिसते पान्यानं."

मी बांधावर उभा होतो. 'राहू दे', एवढंच म्हणायचं होतं. ते काही निघालं नाही. त्याने कुदळीने फूटभर माती काढली, कंद ठेवला, माती लोटली, पायाने दाबली आणि आठव्या खड्ड्याकडे सरकला. पायाने दाबताना मी पाहत होतो. मग मीही टोपली उचलली आणि दिवस मावळेपर्यंत त्यांच्याबरोबर कंद लावले. त्या दिवशी आमची लागण नेहमीपेक्षा लवकर आटोपली.

मनकर्णाला त्यानंतर दूध दाटलं. सुईणीने छातीला लुगड्याची पट्टी आवळून बांधली, तरी थांबेना. ती वाटीत पिळून काढायची. ते मोरीत टाकायचं नाही, इथवर सगळ्या बायकांचं एकमत. मग टाकायचं कुठे यावर वाद. एक म्हणे तुळशीला घाल, दुसरी म्हणे भिंतीवर उडव म्हणजे आटेल. मनकर्णाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि वाटी उंबऱ्यावर माझ्याकडे सरकवली.

"त्याले नेऊन द्या," म्हणाली.

सहा दिवस मी ती वाटी नेली. फडक्याने झाकून, दोन्ही हातांत धरून, पाय न आपटता. वाटेत लोक रामराम घालायचे, मी मान हलवायचो. सातव्या दिवशी उंबऱ्यावर रिकामी वाटी होती. "आटलं," मनकर्णा म्हणाली. तो पोराचा बारावा दिवस होता, त्याला मांडीवर घ्यायचा. हे माझ्या लक्षात होतं. तिच्याही असणार. मी वाटी धुऊन फळीवर पालथी घातली.

सवा महिना झाल्यावर ती स्वतः बाहेर पडायला लागली. दर सोमवारी लोटीत गाईचं दूध घ्यायची आणि तापीवर चिंचेखाली घालून यायची. पाणी तोवर उतरलं होतं. आईने तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही. घाटाच्या वळणापर्यंत मी तिच्यासोबत जायचो. तिथून ती खाली नदीकडे आणि मी वर मळ्याकडे. दर सोमवारी त्या वळणावर मला वाटायचं की आता सांगावं. इथे आई नाही, कुणी नाही. आणि दर सोमवारी मी काय बोलायचो? "सांभाळून जा, घसरडं हाये."

ऐन दिवाळीत राज्य बदललं. नागपूरला जाणारे कागद आता भोपाळला जाणार होते. शेजारच्या राजपुऱ्यात ओट्या-ओट्यांवर एकच गुऱ्हाळ, की आपण मुंबई राज्यात जायला हवं होतं की आहोत तिथेच बरे. त्या दिवसांत पटवारी मळ्यावर आला होता. विहिरीवर पाणी प्यायला आणि म्हणाला, "काय पंडितभाऊ, नवं राज्य लागलं. कसं वाटी राह्यलं?"

कसं वाटतंय हे मला कुणीतरी विचारलं, ते पहिल्यांदा. मी म्हटलं, "काहीच नाई वाटत." त्याला वाटलं मी राज्यावर नाराज आहे. मग तो बिचारा अर्धा तास मला भोपाळचे फायदे समजावून सांगत बसला. मी सगळं ऐकून घेतलं.

माघापर्यंत बाग माणसाच्या डोक्याला लागली. तिसऱ्या रांगेतली सातवी केळ मात्र गुडघ्यावर जाईना. पानं निघायची ती अरुंद, आणि कडांनी करपलेली. खाली पाच शेर मीठ असल्यावर दुसरं काय होणार? उखर्डूला याचा फार त्रास व्हायचा. रांगेत एक झाड मागे पडलं की त्याला दातात काहीतरी अडकल्यासारखं होई. जिथे झाड धरत नाही तिथे ते उपटून, खड्डा पुन्हा उकरून नवं लावतात, त्याला नांगी भरणं म्हणतात. तो दर आठवड्याला कुदळ घेऊन यायचा.

"नांगी भरून टाकतो भाऊ. हे बेकार हाये."

"राहू दे."

आता 'राहू दे' निघत होतं. चांगलं खणखणीत निघत होतं.

एकदा त्याने कुदळ बाजूला ठेवली आणि माझ्याजवळ बसला. तंबाखू मळत म्हणाला, "भाऊ, माहं नाव उखर्डू कावून हाये, माहीत हाये ना?"

ते सगळ्यांनाच माहीत होतं. ज्या घरात पोरं जगत नाहीत, तिथे नव्या पोराला उकिरड्यावर लोळवतात आणि असं नाव ठेवतात. यमालाही किळस यावी, त्याने हात लावू नये म्हणून.

"माह्या आधी तिघं गेले," तो म्हणाला. "बाप घेऊन जाये आन एकटाच वापस ये. कुठी ठेवलं, ते त्यानं मायले कधी सांगितलं नाई. माय मरेलोक इचारत व्हती. मी जिता तिच्या मांडीपाशी बसेल, आन ती मले इचारे, त्यायले कुठी ठेवलं रे?" त्याने तंबाखू तोंडात टाकली. "बाप काही वाईट नव्हता. त्याले बोलताच ये नाई."

हे त्याने का सांगितलं, मला माहीत नाही. लागणीच्या दिवशी त्याच्या कुदळीला मऊ माती लागली होती. तिच्यात मिठाचा एखादा खडा चमकलाही असेल. मी विचारलं नाही. घरी जाताना मात्र पहिल्यांदा भीती वाटली. इतक्या महिन्यांत काहीच वाटलं नव्हतं, आणि वाटली ती भीती. मनकर्णा म्हातारी होईल, खाटेला लागेल आणि जो दिसेल त्याला विचारेल. तिला ठाऊक नसेल की ती चुकीच्या झाडाखाली दूध घालत होती. आणि मी तिथेच बसलेला असेन, पाय चेपत.

तरी त्या दिवशी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारीही नाही.

चैत्रात आईचे गुडघे धरले, म्हणून भाकरी घेऊन मनकर्णा मळ्यात यायला लागली. ती देडतलाईची, शेतकऱ्याची लेक. रांगांतून चालताना बोटाने पानं चाचपून बघायची तिची सवय. तिसऱ्या रांगेत ती थांबली. उन्हाने जमीन तापली होती, आणि सातव्या केळीच्या बुडाशी मातीवर पांढरं फुटलं होतं. बाकी सगळी जमीन काळी, आणि तेवढाच परातीएवढा गोल पांढरा. तिने खाली बसून चिमूटभर माती घेतली आणि जिभेला लावली. तिच्या बापाकडे जमिनीची परीक्षा अशीच करायचे.

"खारट लागते," ती म्हणाली. "एवढ्याच जागी कसं?"

उखर्डू माझ्या मागेच होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "सरकारी खत सांडलं आसन वहिनी. ते बी खारटच लागते." आणि आपली भाकरी घेऊन विहिरीवर जाऊन बसला.

एवढं सोपं होतं. मी फक्त मान हलवायची होती. मान हलवण्यात तर माझा हात धरणारा कुणी नव्हता, नऊ महिने मी दुसरं काही केलंच नव्हतं.

"मीठ हाये ते," मी म्हणालो. "पाच शेर. मायनं देल्लं ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. बोटाला माती तशीच. मीठ कुणाला देतात, किती देतात, हे तिला सांगावं लागलं नाही.

"चिंचेखाली पानी व्हतं," मी म्हणालो. "कुत्रे व्हते."

तिने हाताला आलं ते ढेकूळ उचललं आणि माझ्या छातीवर मारलं. मग दुसरं. दुसरं खांद्याला लागलं.

"इतके महिने मी दुसऱ्याच्या लेकराले दूध घालत व्हती! आन तुमी मले वळनालोक पोहोचवाले येत व्हते!"

"हो."

"तोंड नव्हतं तुमाले?"

"मायनं त्याले काढून तिकडे नेलं असतं. मले पाह्यलं गेलं नसतं."

"वळनावर कुठी व्हत्या आत्याबाई?"

वळणावर मी आणि ती, दोघंच असायचो. मी म्हटलं, "बोलताच येत नव्हतं मले." हे उखर्डूच्या बापाचं वाक्य होतं, पण खरं होतं. तिने तिसरं ढेकूळ उचललं होतं. ते तिने हातातच कुस्करलं.

मग ती त्या पांढऱ्या मातीजवळ नीट बसली. पदर डोक्यावरून पडला होता, तो तिने सारखा केला, घरात कुणी मोठं असल्यासारखा.

"डोकं कुनीकडे हाये?"

"विहिरीकडे."

तिने त्या बाजूला हात टेकवला. "खाली काय टाकलं?"

"माही बंडी."

"कान पाह्यला का त्याचा?"

"डावा. वरून दुमडेल."

"तुमाले दाखवनार व्हती मी," ती म्हणाली. "बाराव्या दिवशी. कोनाले सांगितलं नव्हतं, आत्याबाईले बी नाई. म्हटलं, त्यायलेच पहिले दाखवू."

विहिरीवर मोट थांबली होती, बैल उभे होते. ती हाताने माती सारखी करत होती, उगाचच, सपाटच होती ती. मध्येच तिचा हात थांबला.

"आन ते दूध?" तिने विचारलं. "पहिले सहा दिवस मी तुमच्याजवळ देल्लं ते? माहं?"

"ते इथंच घातलं."

"रोज?"

"रोज. ह्यालेच."

"वाटेत सांडलं तं नाई?"

"नाई. एक थेंब बी नाई."

तिने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे, आणि रडतच होती, पण तोंड उघडलं तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. तिला दिवस गेल्याचं तिने मला सांगितलं होतं तेव्हाचा.

"मंग पेला तो," ती म्हणाली.

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. ते एक अक्षर काही केल्या निघेना. त्याच्याऐवजी जे निघालं ते मला स्वतःलाही ओळखू आलं नाही. विहिरीवर उखर्डूने भाकरी खाली ठेवली आणि उठून उभा राहिला. मग तो पुन्हा बसला आणि त्याने आमच्याकडे पाठ केली. मनकर्णाने माझं डोकं धरून आपल्या मांडीवर घेतलं. मी तिथे, त्या पांढऱ्या मातीच्या कडेला आडवा होऊन, माझ्या मुलासाठी रडलो.

उखर्डूने पुन्हा कधी नांगी भरायचं नाव काढलं नाही.